ओबर्लिन कॉलेज आणि गिब्सन बेकरी: एका पत्रकाचे प्रकरण

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडपासून साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, ओबर्लिन नावाचे आठेक हजार वस्तीचे गाव आहे. गावाच्या मधोमध टॅपन चौक नावाचे मोठे हिरवे मैदान आहे. मैदानाभोवती कॉलेजच्या इमारती आणि एका अंगाला दुकानांची रांग. त्या रांगेतल्या बेकरीचा धंदा गिब्सन कुटुंब १८८५ पासून करत आले. डोनट, पाव, किराणा आणि वाइन असा सगळा माल तिथे मिळतो. कॉलेजच्या भोजनगृहांनाही पाव-डोनट वर्षानुवर्षे इथूनच जात. वसतिगृहातून निघून मैदान ओलांडले की समोर गिब्सन, इतके हे अंतर कमी. पुढे २०१६ मध्ये जे घडले, आणि ज्यातल्या एका पत्रकावरून बेकरीने कॉलेजवर दावा लावला, ते याच मैदानाच्या आसपास.

कॉलेजची ओळख आधी नीट करून दिली पाहिजे, कारण तिच्याशिवाय या प्रकरणातला पीळ कळत नाही. ओबर्लिनची स्थापना १८३३ ची. दोनच वर्षांनी, सिनसिनाटीच्या एका धर्मशिक्षण संस्थेतून गुलामगिरीच्या प्रश्नावर बाहेर पडलेले बंडखोर विद्यार्थी इथे आले. काळ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश द्याल तरच येऊ, अशी त्यांची अट होती. विश्वस्तांमध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या जॉन कीप यांच्या मताने दार उघडले. पैसा आला न्यूयॉर्कच्या आर्थर टॅपन या गुलामगिरीविरोधी व्यापाऱ्याकडून; चौकाला नाव त्याच घराण्याचे. १८३७ मध्ये चार मुलींनी पदवीच्या वर्गात प्रवेश घेतला. १८५८ मध्ये जॉन प्राइस नावाच्या पळून आलेल्या गुलामाला पकडून नेत असताना गावकरी, प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून शेजारच्या वेलिंग्टनला धावले आणि त्याला सोडवून आणले. सदतीस जणांवर खटले भरले गेले. मेरी जेन पॅटरसन, अमेरिकेत पदवी मिळवणारी पहिली काळी स्त्री, १८६२ ची ओबर्लिनचीच.

हा वारसा भिंतीवरच्या तसबिरींपुरता राहिलेला नाही. सुमारे २९०० विद्यार्थ्यांच्या या कॉलेजात शेकडो मुले सहकारी घरांत राहतात आणि जेवतात; १९५० पासून चालत आलेल्या विद्यार्थी सहकारी संघाची ती घरे. स्वयंपाक, भांडी, बाजारहाट, हिशेब सगळे मुलेच बघतात. कुठला पदार्थ कुठून विकत घ्यायचा यावर बैठका होतात, सहमती होईपर्यंत चालतात. म्हणजे पाव कुणाकडून घ्यायचा हा या कॉलेजात पहिल्यापासून नैतिक प्रश्न आहे. बाहेरच्यांना याचे हसू येते. मला येत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी आपल्या ताटातल्या अन्नाचा माग काढावा, यात वाईट काहीच नाही. अडचण येते ती माग अर्ध्यावर सोडून निकाल देण्याची सवय लागली की.

नोव्हेंबर २०१६ पर्यंत कॉलेजातली हवा तापत गेली होती. मार्च २०१३ मध्ये आवारात वंशद्वेषी मजकूर सापडले, नंतर कुणीतरी कू क्लक्स क्लान या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेसारख्या झग्यात फिरताना दिसल्याची खबर आली आणि एक दिवस वर्ग बंद ठेवून सगळे एकत्र बसले. झगा नसून अंगावर ओढलेली चादर असावी, असा पोलिसांचा अंदाज पुढे आला. पण तोवर भीती खरी झाली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या एका बागेत खेळण्यातले पिस्तूल हातात असलेल्या तामीर राइस या बारा वर्षांच्या काळ्या मुलाला पोलिसाने गोळी घातली. क्लीव्हलंड इथून तासाभराच्या आत. डिसेंबर २०१५ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी चौदा पानी मागण्या दिल्या आणि अध्यक्ष मार्विन क्रिस्लोव्ह यांनी पुढच्या महिन्यात त्यांतल्या बऱ्याच सपशेल नाकारल्या. मग ८ नोव्हेंबर २०१६ ला डोनाल्ड ट्रम्प निवडून आले.

दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबरला संध्याकाळी, एकोणीस वर्षांचा एक काळा विद्यार्थी गिब्सनमध्ये आला. अमेरिकेत दारू विकत घेण्याचे वय एकवीस; म्हणून त्याने खोट्या ओळखपत्रावर वाइनची बाटली घेण्याचा प्रयत्न केला. आणखी दोन बाटल्या कपड्यांत लपवलेल्या होत्या. गल्ल्यावर मालकाचा मुलगा होता. त्याने विक्री नाकारली, पोलिसांना बोलावतो म्हणाला, फोनने फोटो काढू लागला. झटापट झाली, विद्यार्थी पळाला, हा मागे धावला. मैदानाजवळ विद्यार्थ्याच्या दोन मैत्रिणी मध्ये पडल्या. पोलीस आले तेव्हा दुकानातला मुलगा जमिनीवर पडलेला होता आणि त्याला मार बसत होता. तिघा विद्यार्थ्यांना अटक झाली.

त्या रात्री कॉलेजात पोचलेली हकिगत वेगळी होती. गोऱ्या दुकानदाराने एका काळ्या मुलावर हात टाकला आणि पोलिसांनी पकडले मात्र काळ्यांनाच, असे ऐकणाऱ्याला ते खोटे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. तामीर राइस ज्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्यांना पोलिसांच्या नोंदीवर विश्वास ठेवा असे सांगणे सोपे नाही. म्हणून १० आणि ११ नोव्हेंबरला शेकडो विद्यार्थी बेकरीसमोर जमले, याचा दोष मी त्यांना देणार नाही. निदर्शने हा त्यांचा हक्क होता आणि पुढे न्यायालयांनीही तेच म्हटले.

प्रश्न आला दोन कागदांवरून. पहिला, निदर्शनात वाटलेले पत्रक. येथून काही घेऊ नका, असे सांगून त्यात लिहिले होते की ही आस्थापना वंशवादी असून वंश पाहून संशय घेण्याचा आणि भेदभावाचा तिचा मोठा इतिहास आहे, आणि आपल्यातल्या एकावर इथल्या मालकाने हल्ला केला. जवळच्या इतर दुकानांची यादीही दिली होती. दुसरा कागद विद्यार्थी सिनेटचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या मंडळाचा, ठराव. त्यातही असाच इतिहास गृहीत धरून दुकानाशी सगळे व्यवहार तोडण्याचे आवाहन होते. तो सगळ्या कॉलेजला ईमेलने गेला आणि विद्यार्थी भवनातल्या काचेच्या फलकात लावला गेला. वर्षाहून जास्त काळ तो तिथे होता.

आता कॉलेजचा भाग. विद्यार्थी अधिष्ठाता मेरेडिथ रायमोंडो निदर्शनाला हजर होत्या. हजर राहणे हे त्यांचे कामच होते. गर्दी सुरक्षित राहावी, कुणाला इजा होऊ नये म्हणून असा अधिकारी तिथे लागतोच. पण त्या भोंग्यावरूनही बोलल्या आणि पत्रकाची एक प्रत त्यांनी गावातल्या वार्ताहराच्या हातात दिली. पत्रकाच्या प्रती काढायला कॉलेजचे यंत्र वापरले गेले, थंडीत उभ्या मुलांसाठी खाण्यापिण्याची आणि हातमोज्यांची सोय झाली. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर मायेची वाटते. सगळ्या एका ओळीत मांडल्या की पत्रक कुणाचे, हा प्रश्न उभा राहतो. खटल्यात नेमके हेच झाले.

११ नोव्हेंबरला अध्यक्ष आणि अधिष्ठाता यांच्या सहीने विद्यार्थ्यांना पत्र गेले. बातम्यांत आले त्यापेक्षा यात आणखी काही आहे असे विद्यार्थ्यांकडून कळते, पूर्ण आणि खरी हकिगत शोधायला आम्ही सगळी शक्ती लावू, हा एकटाच प्रसंग की नेहमीची रीत तेही पाहू, असा त्याचा आशय. पत्राला नावे ठेवण्यासारखे फारसे नाही. चौकशीचे वचन दिले, तर चौकशी पुरी होईपर्यंत थांबायचे असते. कॉलेज थांबले नाही. काही दिवसांतच भोजनगृह चालवणाऱ्या कंपनीमार्फत गिब्सनकडून येणारा माल बंद करण्यात आला. विद्यार्थ्यांनी बहिष्कार घालणे वेगळे आणि गावातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक असलेल्या संस्थेने पाठ फिरवणे वेगळे. कॉलेजच्या मते तणाव निवळावा म्हणून ते पाऊल होते. छोट्या गावात त्याचा अर्थ दुकानाला वाळीत टाकले असाच होतो आणि गावाने तो तसाच घेतला. २०१७ च्या सुरुवातीला माल पुन्हा सुरू झाला.

या काळातला एक पत्रव्यवहार मला सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. कॉलेजच्या संपर्क विभागातल्या एका कर्मचारी बाईंनी वरिष्ठांना कळवले की गावातल्या आपल्या काळ्या मित्रमंडळींशी बोलणे झाले. त्यांच्या मते हा वंशाचा प्रश्न नाही, गिब्सन मंडळी वंशवादी नाहीत आणि विद्यार्थ्यांनी चुकीचे लक्ष्य निवडले आहे. अध्यक्षांच्या कार्यालयातल्या एका जबाबदार अधिकाऱ्याचे उत्तर आले: याने मला काडीचाही फरक पडत नाही. हे उत्तर पुढे खटल्यात पंचांसमोर, म्हणजे ज्युरीसमोर, वाचले गेले.

ओबर्लिन गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काळी कुटुंबे आहेत. गुलामगिरीतून सुटून आलेल्यांचे हे मुक्कामाचे ठिकाण होते. चार वर्षांसाठी येणारा विद्यार्थी आणि चार पिढ्या राहिलेला गावकरी यांच्यात मत वेगळे पडले, तर कॉलेजने निदान दोघांचे ऐकून घ्यायचे होते. ‘आपला समुदाय’ हे शब्द कॉलेजच्या प्रत्येक पत्रात असत. त्या समुदायात मैदानापलीकडचा काळा शेजारी मोजला जात होता का, याचे उत्तर त्या एका ओळीने दिले.

आकड्यांबद्दलही बोलायला हवे. पोलिसांच्या नोंदीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत गिब्सनमध्ये चोरीसाठी ४० प्रौढांना अटक झाली होती. त्यांतले ३३ कॉलेजचे विद्यार्थी आणि काळे फक्त ६. दुकानाच्या बाजूने हा आकडा वारंवार मांडला गेला आणि तो वजनदार आहेच. मात्र तो सगळे सांगत नाही. दुकानात शिरल्यापासून ज्याच्या मागे नजर फिरते, पण ज्याने काहीच चोरलेले नसते, त्याचे नाव अटकेच्या यादीत कधीच येत नाही. काळ्या विद्यार्थ्यांची तक्रार या अनुभवाची होती. तो अनुभव तपासता आला असता. नावे गुप्त ठेवून लोकांचे म्हणणे लिहून घेता आले असते, प्रसंग-तारखा जुळवता आल्या असत्या, मालकांशी बोलता आले असते. एवढे करून जे हाती आले असते त्याला ‘इतिहास’ म्हणता आले असते. पत्रकात तो शब्द आधीच छापून झाला होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये तिघाही विद्यार्थ्यांनी कमी गंभीर गुन्ह्यांची कबुली दिली आणि न्यायालयात निवेदने वाचली. दुकानातल्यांचे वागणे वंशभेदातून आले नव्हते, अल्पवयीनाला होणारी विक्री ते रोखत होते, असे त्यांत होते. शिक्षा सौम्य करून घेण्यासाठी अशी निवेदने द्यावी लागतात, ती मनापासून असतीलच असे नाही, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. तरीही हल्ला कुणी केला, चोरी झाली की नाही, या दोन मुद्द्यांचा निकाल त्या दिवशी लागला होता.

माझ्या मते प्रकरणाचा खरा वळणबिंदू हाच. गिब्सन कुटुंबाचे मागणे त्या काळात एकच होते, दुकान वंशवादी नाही असे कॉलेजने लिहून द्यावे. कॉलेजने ते दिले नाही. एवढे पूर्ण प्रमाणपत्र देणे कॉलेजला शक्य नव्हते, हे मी समजू शकतो. आपल्याच विद्यार्थ्यांच्या तक्रारी खोट्या ठरवल्यासारखे ते झाले असते. पण त्याहून कमी, आणि पूर्ण खरे, असे काही लिहिता येत होते: पत्रकातले हल्ल्याचे विधान चुकीचे होते, पत्रक कॉलेजचे नव्हते, ‘मोठ्या इतिहासा’बद्दल आमच्याकडे पुरावा नाही, ठराव आम्ही फलकावरून काढत आहोत. चार वाक्ये. नोव्हेंबरच्या पत्रात पूर्ण हकिगत शोधण्याचे जे वचन होते, त्याची ही किमान परतफेड ठरली असती. तेवढेही झाले नाही, कारण आत कुणालाच ते विद्यार्थ्यांकडे पाठ फिरवल्यासारखे वाटू द्यायचे नव्हते. घटना काय घडली हा प्रश्न मागे पडून तू कोणाच्या बाजूचा हा प्रश्न पुढे आला होता.

७ नोव्हेंबर २०१७ ला गिब्सन कुटुंबाने लोरेन काउंटीच्या न्यायालयात कॉलेज आणि रायमोंडो यांच्यावर दावा दाखल केला. विद्यार्थ्यांवर नाही, संस्थेवर. दाव्यानंतर कॉलेजने बेकरीचा माल पुन्हा बंद केला.

मे २०१९ मध्ये सुनावणी सुरू झाली. न्यायाधीश जॉन मिराल्डी यांनी आधीच एक रेघ ओढून दिली होती. निदर्शनातल्या घोषणा हे मतप्रदर्शन, त्यांना घटनेचे संरक्षण आहे, त्या खटल्याचा विषय नाहीत. विषय होता पत्रक आणि ठराव. एखाद्याला नुसते ‘वंशवादी’ म्हणणे मत ठरू शकते. मालकाने हल्ला केला, भेदभावाचा मोठा इतिहास आहे, ही विधाने खरी-खोटी करून पाहता येतात. खोटी असतील तर ती बदनामी. कॉलेजचे म्हणणे असे की मजकूर विद्यार्थ्यांचा, आमचा नाही. पण बदनामीच्या कायद्यात लिहिणारा एकटाच जबाबदार नसतो, पसरवणाराही असतो. इथे भोंगा, छपाईयंत्र, वार्ताहराला दिलेली प्रत आणि वर्षभर लटकलेला ठराव एकेक करून पुढे आले. शिवाय गिब्सन हे सार्वजनिक व्यक्ती नाहीत असे ठरल्यामुळे, भरपाईच्या पहिल्या टप्प्यात कॉलेजने निष्काळजीपणा केला एवढे दाखवणे पुरे झाले.

आणि मग खाजगी संदेश. नाट्यशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात कॉलेजवर टीका करणारे पत्र लिहिले होते. त्यावर रायमोंडो यांनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या संदेशात प्राध्यापकांना शिवी होती, आणि हे प्रकरण आता मागे टाकायला हवे असे वाटत नसते तर विद्यार्थ्यांना सोडा त्यांच्यावर असे म्हटले असते, असा आशय होता. वैतागून माणूस फोनवर काहीबाही लिहितो. पण विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने चालले होते, आमचा त्यांच्यावर काही ताबा नव्हता, हा बचाव घेणाऱ्या संस्थेला हा संदेश फार महागात गेला.

७ जूनला पंचांनी १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरवली. पंचांचा दुसरा टप्पा बाकी असतानाच कॉलेजच्या मुख्य कायदेशीर सल्लागारांनी माजी विद्यार्थ्यांना ईमेल केला की स्पष्ट पुरावा पंचांना पटला नाही याचा खेद वाटतो. सहा दिवसांनी त्याच पंचांनी दंडात्मक भरपाई म्हणून आणखी ३ कोटी ३२ लाख ठोठावले. ओहायोच्या कायद्यात अशा रकमांवर मर्यादा असल्यामुळे न्यायाधीशांनी एकूण आकडा सुमारे अडीच कोटींवर आणला, पण त्यात वकिलांचा साठ लाखांहून जास्त खर्च मिळवला गेला. ३१ मार्च २०२२ ला अपील न्यायालयाने तिन्ही न्यायाधीशांच्या एकमताने निकाल कायम केला. ३० ऑगस्टला ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी प्रकरण ऐकण्यास नकार दिला. व्याजासकट झालेले ३ कोटी ६५ लाख ९० हजार डॉलर भरण्याचे कॉलेजने सप्टेंबरमध्ये मान्य केले आणि डिसेंबर २०२२ पर्यंत ते चुकते झाले. दावा लावणारे बेकरीचे मालक डेव्हिड गिब्सन तोवर हयात नव्हते. कर्करोगाने ते नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले. त्यांचे वडील फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी.

रक्कम मला अवाजवी वाटते. एका बेकरीच्या धंद्याच्या नुकसानीशी तिचा मेळ बसत नाही, आणि असे आकडे पाहिले की उद्या एखादे भित्रे कॉलेज विद्यार्थ्यांना छपाईयंत्राला हातही लावू देणार नाही. निकालाचे हे नुकसान आहे आणि ते बेकरीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मान्य करायला हवे. देशभरच्या उजव्या माध्यमांनी ओबर्लिनचे नाव घेऊन वंशभेदाची प्रत्येकच तक्रार थापेत काढली, त्याची किंमत त्या कॉलेजात पुढे शिकायला आलेल्या काळ्या मुलांनी मोजली. त्यांतल्या कुणी पत्रक पाहिलेही नव्हते.

पण न्यायालयांनी ओढलेली रेघ चुकीची होती असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांनी ओरडावे, रस्ता अडवावा, पाव घेऊ नये. संस्थेने त्यांना थंडीत कोको पाजावा, वाटल्यास पोलिसांच्या आणि त्यांच्या मध्ये उभे राहावे. ज्या कागदातली विधाने आपण तपासली नाहीत, तो कागद मात्र संस्थेच्या हातून पुढे जाऊ नये. अधिष्ठाता त्या दिवशी प्रत खिशात ठेवून वार्ताहराला ‘विद्यार्थ्यांनाच विचारा’ म्हणाल्या असत्या, तर दाव्यातला एक मोठा धागा तिथेच तुटला असता. रायमोंडो २०२१ मध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात गेल्या. क्रिस्लोव्ह त्याआधीच, २०१७ मध्ये, न्यूयॉर्कला गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या कार्मेन ट्विली अँबार या ओबर्लिनच्या पहिल्या काळ्या अध्यक्ष. खटला, निकाल, अपील आणि चेक हे सगळे त्यांच्या वाट्याला आले.

पैसे भरल्यानंतर कॉलेज पुन्हा न्यायालयात गेले, या वेळी आपल्याच विमा कंपन्यांवर दावा लावायला. कंपन्यांनी भरपाईची रक्कम द्यायला नकार दिला होता. त्यांच्यातल्या एकीने २०१९ मध्येच, मूळ खटला सुरू असताना, मध्ये पडण्याचा प्रयत्न केला होता. कॉलेजने हे जाणूनबुजून केले का, हे पंचांना स्पष्ट विचारले जावे अशी तिची मागणी होती. जाणूनबुजून केलेल्या कृत्याला विमा लागू होत नाही.